सवडीनुसार

आमच्या ताईंना इंग्रजीत काही मागायला सांगितलं, की त्या आधी माफी मागायच्या. मग आभार मानायच्या. आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, अंग चोरून, ते मागणं उभं असायचं. वाचणाऱ्याला कधी सापडायचं, कधी नाही सापडायचं.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. मी काही नणंदेचे गोडवे गायला बसलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. एका घरात, एका ओट्यावर आम्ही दोघींनी संसार केलाय. खटके उडायचे ते उडालेच. पण आई-वडील लवकर गेल्यावर ह्यांचं शिक्षण पुरं करण्यापासून ते माझ्याशी लग्न लावून देण्यापर्यंत सगळं त्यांनीच निभावलं, हेही खरं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. कुणी विचारलं तर हसून म्हणायच्या, "अगं, सवडच नाही मिळाली." ह्यांचे केस पिकायला लागले तरी अजून त्यांना त्या छोट्याच म्हणतात, आणि हेही मुकाट्याने ओ देतात.

आम्ही तिघंही एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. मोठमोठ्या थंडगार खोल्या, छतापर्यंत फळांच्या पेट्या. मी निवडीच्या शेडमध्ये. पट्ट्यावरून येणारी डागी फळं बाजूला काढायची. हे कॉम्प्रेसरच्या खोलीत, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांना गारवा पुरवला जातो तिथे. आणि ताई ऑफिसात, पत्रव्यवहारावर. कंपनी बाहेरच्या लोकांनी घेतली तेव्हापासून वरचे सगळे साहेब दुसऱ्या देशात बसलेले. त्यांच्याशी बोलायचं ते इंग्रजीतून आणि लेखी. मॅनेजरला इंग्रजी यायचं, पण लिहायला बसला की घाम फुटायचा. त्यामुळे वर जाणारं प्रत्येक अक्षर ताईंच्या हातून जायचं.

आणि काय तो हात! आमच्या गल्लीत त्यांना 'प्लीजताई' म्हणायचे. कुणाला बाहेरगावच्या कॉलेजला अर्ज करायचाय, कुणाच्या मुलीला साहेबाकडे रजा मागायचीय, कुणाचं पार्सल हरवलंय. सगळी मंडळी ताईंकडे. ताई चष्मा लावून विचारायच्या, "बोल, काय हवंय?"

"रजा हवीय."

"हवीय असं नाही म्हणायचं. मिळू शकली तर बरं होईल असं वाटतं, असं म्हणायचं."

त्यांच्याकडे शब्दांची उतरंड ठरलेली होती. 'प्लीज' म्हणजे रोजचं. 'काइंडली' जरा धुतलेलं, इस्त्रीचं. 'कुड यू' त्याच्याही वर. आणि 'वुड यू माइंड' म्हणजे अगदी ठेवणीतलं, बड्या माणसासाठीच बाहेर काढायचं. शेवटी मात्र, पत्र कुणालाही असो, एक वाक्य हटकून यायचं: 'ॲट युअर कन्व्हीनियन्स'. आपल्या सवडीनुसार. त्यावाचून ताईंना पत्र उघडंबोडकं वाटायचं.

एकदा आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. घरमालक इंग्रजीशिवाय काही वाचायचा नाही. आपण कसं म्हणतो, 'तो नळ जरा बघा ना'? ताईंनी तेच लिहिलं, मखमलीत गुंडाळून: 'वुड यू काइंडली सी द टॅप ॲट युअर कन्व्हीनियन्स.' आला की बाबा एका रविवारी! बूट काढले, ओट्यापाशी उभा राहिला, नळ पाहिला. मान डोलावली. "येस, आय सी," म्हणाला, आणि बूट घालून निघून गेला. मी हसून हसून लोळले. नळाखाली बादली मात्र पुढे कितीतरी दिवस मीच बदलत होते.

तेव्हा हसले. तेव्हा नळातून पाणीच गळत होतं ना.

मग एका संध्याकाळी हे घरी आले ते डोळे लालबुंद करून. मी म्हटलं, "काय हो, कुणाशी भांडलात की काय?"

"व्हॉल्व्हशी," म्हणाले, आणि तोंडावर पाणी मारत बसले.

त्या कॉम्प्रेसरच्या खोलीत पाइपांमधून अमोनिया फिरतो. खोल्या गार होतात त्या त्याच्यामुळे. ज्याने तो वास घेतलाय त्याला मी सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याने घेऊ नये. नाकातून थेट डोक्यात सुई घुसते. तर मुख्य पाइपावरच्या एका जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं, गॅस अडवणारं पॅकिंग झिजलं होतं आणि तिथून गॅस झिरपत होता. हे रोज त्याचा नट थोडा आवळायचे, वास कमी व्हायचा, दुसऱ्या दिवशी परत सुरू. व्हॉल्व्ह बदलायचा तर अख्खा प्लांट थांबवून पाइप रिकामा करावा लागणार. आणि प्लांट थांबवायचा तर वरच्या मुख्य इंजिनिअरची लेखी परवानगी हवी. मागच्या मॅनेजरने घाबरून प्लांट बंद केला होता आणि खोल्यांमधला माल सडला होता. तेव्हापासून तसा हुकूमच आला होता. आग लागली असती तर कुणीही बटण दाबलं असतं. पण झिरपणाऱ्या गॅसला आग म्हणायचं की नाही, हे ठरवणारा माणूस समुद्रापलीकडे बसलेला.

"ताई, तेवढं लिहून टाक ना वर," हे म्हणाले.

ताईंनी लिहिलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर कौतुकाने आम्हाला मराठीत सांगितलं: आपला बहुमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व, येथील एका व्हॉल्व्हकडे, शक्य झाल्यास, आपण सवडीनुसार लक्ष देऊ शकलात तर आम्ही अत्यंत आभारी राहू.

माझा घास हातातच राहिला. "ताई, ह्यात गॅस कुठाय?"

"व्हॉल्व्ह म्हटलं की त्यात गॅस आलाच की गं. एवढा मोठा इंजिनिअर आहे, त्याला कळत नसेल?"

त्याचं उत्तर आलं. तुमच्या सुंदर पत्राबद्दल आभार, नोंद घेतली आहे. 'लव्हली' असा शब्द वापरला होता त्याने. ताई दोन दिवस खुशीत होत्या. ह्यांचे डोळे तसेच लाल.

मग नट आणखी आवळावा लागला. मग आणखी. हे आता रात्री झोपेत खोकायचे. मी ताईंच्या मागे लागले, परत लिहा, परत लिहा. त्यांनी लिहिलंही. पण गंमत बघा, दुसऱ्यांदा लिहायचं म्हणजे ताईंच्या मते आधीच आगाऊपणा झाला. त्यामुळे तो झाकायला दुसरं पत्र पहिल्याहून मऊ. 'जेंटल रिमाइंडर', आणि खाली 'नो हरी ॲट ऑल'. घाई मुळीच नाही! अहो, ज्या बाईने ह्या माणसाला लहानाचा मोठा केला, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की घाई मुळीच नाही.

त्याचं उत्तर आलं ते वाचून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वर्षाच्या शेवटी प्लांट दुरुस्तीसाठी थांबतो, तेव्हा हा व्हॉल्व्हही यादीत घेतलाय, असं त्याने आनंदाने कळवलं होतं. वर्ष संपायला केवढा अवकाश होता! तोवर तो नट कुठे फिरणार होता आणखी?

त्या दिवशी मी भांडले. ओट्यापाशी उभी राहून, आवाज चढवून भांडले. "तुमचा भाऊ मरेल तिथे, ताई! कळतंय का तुम्हाला? मरेल! आणि तुम्ही त्या माणसाला 'सवडीनुसार' लिहिताय!"

हे मधे पडले, "अगं, हळू. तिला का बोलतेस?"

"मग कुणाला बोलू? व्हॉल्व्हला?"

ताई हातातली ताटली पुसत राहिल्या, कोरडी झाली तरी पुसत राहिल्या. मग तिथेच स्टुलावर बसल्या आणि मला कधीच न सांगितलेलं सांगायला लागल्या.

ताईंची पहिली नोकरी टायपिस्टची. वडील अंथरुणाला खिळलेले, छोट्या शाळेत. ऑफिसचा एक बडा ग्राहक बाहेर देशातला. त्याच्याकडून एक उत्तर यायचं राहिलं होतं. साहेबाने सांगितलं, एक नम्र पत्र टाक. ताईंनी मनात वाक्य जुळवलं: आपण लवकर उत्तर पाठवावे. आपल्याकडे 'पाठवावे' म्हणजे नम्रतेची हद्द झाली. ताईंनी व्याकरणाच्या पुस्तकात 'वे'ला काय म्हणतात ते हुडकलं, आणि लिहिलं, 'यू शुड सेंड द रिप्लाय सून.'

"मला वाटलं, केवढं छान जमलं," ताई म्हणाल्या. "आणि त्या माणसाने पत्र परत पाठवलं गं. 'शुड'खाली लाल रेघ मारून. मी काय करायला हवं हे मला शिकवणारी ही कोण पोरगी, असं विचारलं होतं. साहेबाने ते सगळ्या ऑफिससमोर मोठ्याने वाचलं. लोक हसले. दुपारी मला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी यायचं नाही म्हणून सांगितलं. घरी काय सांगू, हेच कळेना. वडील विचारत होते, आज लवकर कशी आलीस?"

ह्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

"तेव्हापासून मला भीती वाटते," ताई म्हणाल्या. "लिहिताना प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ दिसते मला."

मला त्यांची दया आली. आणि खरं सांगते, दया आली तरी राग गेला नाही. माझा नवरा होता त्या खोलीत. मी म्हटलं, "ताई, त्या माणसाने तुमची नोकरी घेतली. हा व्हॉल्व्ह काय घेईल, त्याचा विचार करा."

त्यांनी ताटली फळीवर ठेवली. "उद्या लिहिते," म्हणाल्या. "स्पष्ट लिहिते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये पट्ट्यापाशी उभी होते. आधी माझ्या शेजारणीने नाकाला पदर लावला. मग मलाही वास आला. इथवर, एवढ्या लांब तो वास कधी आला नव्हता. हातातलं फळ तसंच टाकून मी अंगण ओलांडून ऑफिसकडे पळाले, कारण कॉम्प्रेसरच्या खोलीत मला कुणी जाऊ दिलं नसतं आणि प्लांट थांबवायची किल्ली म्हणजे ताईंचं टंकलेखनाचं टेबल, हे मला पक्कं माहीत होतं.

ऑफिसात टेबलावरचा फोन स्पीकरवर होता. त्यातून मशिनची घरघर येत होती आणि त्या घरघरीतून ह्यांचा आवाज.

"ताई, नट आता पुढे फिरतच नाहीये. टेकला. विचार ना जरा वर. लवकर विचारलंस तर बरं होईल."

बघा! असा हा भाऊ त्या बहिणीचा. जीव कंठाशी आलाय आणि म्हणतोय, बरं होईल.

मॅनेजर टेबलाच्या पलीकडे उभा होता, रुमालाने मान पुसत. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. "लेखी आलं पाहिजे," तो म्हणत होता. "लेखी आल्याशिवाय मी प्लांटला हात लावू देणार नाही. मागच्या मॅनेजरचं काय झालं, पाहिलंत ना सगळ्यांनी?"

"मग ह्यांना बाहेर तरी बोलवा!" मी ओरडले.

"मशीन चालू असताना ती खोली सोडून कसं चालेल?"

ताई लिहायला बसल्या होत्या. लिहिताना पुटपुटत वाचायची त्यांची सवय. बोटं चालायला लागली.

"सर, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी टू डिस्टर्ब यू..."

"ताई!"

त्यांनी ते पुसलं. अक्षरं एकेक करून मागे गेली. पुन्हा सुरू. "वुड यू काइंडली कन्सिडर..."

"कन्सिडर म्हणजे काय?"

"म्हणजे विचार करावा..."

"विचार करायला वेळ कुणाकडे आहे?"

पुसलं. ताईंच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. फोनमधून खोकल्याची उबळ आली. थांबली. परत आली, लांबली. मग नुसती घरघर.

"छोट्या?" ताईंनी हाक मारली. "छोट्या, आहेस ना?"

"आहे, ताई." आवाज घोगरा. "तू लिही. मी थांबतो."

मी थांबतो! मी मॅनेजरकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. ताईंनी लिहिलं, "प्लीज अलाऊ अस टू..." आणि तिथेच अडकल्या. पडद्यावर ती 'प्लीज'ची अर्धी ओळ आणि तिच्यापुढे कर्सरची रेघ, लुकलुक करत. मी आता किंचाळणार होते, इतक्यात त्या अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी हे विचारतेय कशाला?"

आणि त्यांनी सगळं पुसलं. प्लीजसुद्धा. मग न पुटपुटता, ओठ घट्ट मिटून, टाइप केलं. मला इंग्रजी फार येत नाही, पण ते मला वाचता आलं.

'वी आर स्टॉपिंग द प्लांट नाउ. गॅस इज लीकिंग. माय ब्रदर इज इनसाइड.'

खाली स्वतःचं नाव. मॅनेजरचं नाही, स्वतःचं. आणि पाठवून दिलं.

"अहो, परवानगी?" मॅनेजर म्हणाला. "परवानगी कुठे मागितलीत ह्यात?"

"मागितलेलीच नाही," ताई म्हणाल्या, आणि फोनवर वाकल्या. "छोट्या, बंद कर."

"आली का परवानगी? बघ हं ताई, नाहीतर तुझ्यावर—"

"बंद कर म्हणते ना!" अख्ख्या जन्मात मी ताईंचा तसा आवाज ऐकला नव्हता. मॅनेजर मागे सरकला. "बंद कर आणि बाहेर ये! आत्ता!"

खटका दाबल्याचा आवाज आला. घरघर खाली खाली जात थांबली. आमच्या आवारात मशीन एरवी थांबतच नाही. त्या आवाजाची इतकी सवय की तो गेल्यावर कान बधिर झाल्यासारखे वाटले. फोनमधून ह्यांची पावलं ऐकू आली. "गॅस अडवायला मागचा हातव्हॉल्व्ह फिरवतो आणि येतो," म्हणाले. मग लोखंड कुरकुरलं. आणि मग फस्स असा आवाज झाला, मोठ्ठा, आणि थांबेचना.

पुढचं मला सलग आठवत नाही. आम्ही अंगणात होतो. ताई माझ्या पुढे धावत होत्या; ज्या बाईला मी कधी जिना भराभर चढताना पाहिलं नाही ती धावत होती. कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारातून पांढरा लोट बाहेर येत होता. रखवालदाराने आम्हाला दोघींना दंडाला धरून ओढून ठेवलं. मी त्याच्या हाताला चावले, असं तो अजून सांगतो. मी फक्त दार बघत होते. दार आणि पांढरं, आणि त्यात कुणी नाही. कुणी नाही. मग भिंतीला धरून, वाकून, एक माणूस बाहेर आला, तोंडावर अर्धवट अडकवलेला मास्क, डोळे गच्च मिटलेले, आणि चार पावलांवर गुडघ्यांवर कोसळला.

आम्ही त्यांना ओढत नळापाशी नेलं. मी डोळ्यांवर पाणी सोडलं आणि सोडतच राहिले. ताईंनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्या एकच म्हणत होत्या, "उघड. डोळे उघड. छोट्या, डोळे उघड." ना जरा, ना जमलं तर.

ह्यांचा जीव वाचला. डावा डोळाही वाचला. उजव्याने आता धुक्यातल्यासारखं दिसतं आणि तसंच दिसत राहणार, असं डॉक्टर म्हणाले. नंतर तपासणीला माणूस आला होता. तो म्हणाला, मशीन चालू असताना, पूर्ण दाबावर ते पॅकिंग सुटलं असतं, तर खोलीतल्या माणसाला दारापर्यंत पोचताच आलं नसतं.

मुख्य इंजिनिअरचं उत्तर त्याच दुपारी आलं होतं. ताईंनी ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं आणि मग मोबाइल माझ्याकडे दिला. मला कुठे कळतंय! मी म्हटलं, "सांगा." त्यांनी सांगितलं. पहिली ओळ: बरोबर केलंत, सगळी माणसं बाहेर काढा. मग भावाची चौकशी. मग त्याने लिहिलं होतं, तुमची आधीची पत्रं मी आत्ता पुन्हा काढून वाचली. तुम्ही लिहिलं होतं सवडीनुसार, माझी सवड वर्षअखेरीला होती. तुम्ही लिहिलं होतं घाई नाही, म्हणून मी घाई केली नाही. आणि शेवटचं वाक्य ताईंनी इंग्रजीतच वाचलं.

"यू शुड हॅव टोल्ड मी."

"म्हणजे?"

"म्हणजे मला सांगायला हवं होतंत." ताईंनी बोट पडद्यावर त्या एका शब्दावर ठेवलं. "शुड," म्हणाल्या, आणि तिथे सगळ्यांसमोर ओंजळीत तोंड घालून रडल्या. मला त्या इंजिनिअरचा राग राग करायचा होता, मनापासून. पण काय चुकलं होतं हो त्याचं? जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं होतं.

ताईंची नोकरी टिकली. प्लांट कुणी थांबवायचा, तो हुकूम बदलला. आता खोलीतला माणूसच थांबवू शकतो. गल्लीतले लोक अजून येतात पत्रं लिहून घ्यायला. ताई अजून चष्मा लावून बसतात, पण पहिला प्रश्न बदललाय. "कधीपर्यंत हवंय? आणि नाही मिळालं तर काय होईल?" ते दोन्ही पहिल्या ओळीत लिहितात, ठणठणीत. मग खाली हवं तेवढं प्लीज आणि काइंडली. 'ॲट युअर कन्व्हीनियन्स' मात्र गेलं ते गेलंच. परवा समोरच्या शिंप्याने हट्ट धरला, "ताई, ते तुमचं शेवटचं गोड वाक्य घाला ना." त्याच्याकडे त्यांनी असं काही बघितलं की तो बिचारा कागद घेऊन उठला.

हे सगळं पुढचं. ह्यांना घरी आणलं त्या दिवशी दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी अंथरूण घालत होते, ताई उशाशी बसल्या होत्या. घसा भाजल्यामुळे ह्यांना बोलायला त्रास होत होता. हात चाचपडत त्यांनी ताईंचा हात शोधला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले,

"ताई, सवड झाली की... जरा पाणी देशील का?"

ताईंचा चेहरा असा झाला की मी जागच्या जागी थांबले.

"सवड-बिवड काही नाही," त्या म्हणाल्या. "पाणी दे, असं म्हण. म्हण ना."

हे गोंधळले. पट्टीखाली भुवया हलल्या. मग लहान पोरासारखे म्हणाले, "पाणी दे."

ताई तोवर उठल्याही होत्या.